उलटा मोर

मनोहररावांच्या ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर आला. एकेक पेटी वायरीने जोडून नवनवे आवाज मिळवत जायचे, असं ते यंत्र. त्यात एका पेटीची जागा रिकामी होती.

"पाखराचा आवाज काढणारी पेटी बनव," मनोहरराव श्रावणला म्हणाले. "बोलली तर तू आपल्या पार्टीत पक्का. नाही बोलली, तर खापरखेड्याले कोळसा उचलाले जाय."

श्रावण उमरेडच्या विणकराचा लेक. घरचा माग दोन वर्षांपासून मुका होता. ज्या चौकटीच्या कागदावर बाप काठाची नक्षी मांडायचा, त्याच कागदावर श्रावणने पेटीतल्या सर्किटच्या पट्टीचा नकाशा मांडला. तांब्याची एकही रेघ दुसरीला शिवली नाही, मागावरचे ताण्याचे उभे धागे जणू. मांडताना माय गायची ती ओवी ओठांवर होती:

उलटा विणते मोर, उलटी त्याची मान वं बाई,
खाली सुलटा नाचे, त्याले नाही भान वं बाई.

मागावर कापडाची उलट बाजू विणकराच्या डोळ्यांसमोर असते, सुलट खाली. म्हणून नक्षी फिरवून विणायची. पट्टीचंही तसंच, पुर्जे पलीकडून बसतात आणि तांब्याची बाजू आपल्याकडे तोंड करून असते, म्हणून पुस्तकातलं ट्रान्झिस्टरच्या तीन पायांचं चित्र त्याने फिरवून काढलं. चित्राखाली बारीक इंग्रजी ओळ होती.

"देवाजीभाऊ, इथं काय लिहिलं हाय गा?"

देवाजी ऑर्केस्ट्राचा जुना दुरुस्तीवाला. तारांना कथलाचा डाग द्यायला श्रावणला त्यानेच शिकवलं होतं. लिहिलं होतं, 'पाय खालून पाहिल्याप्रमाणे'. म्हणजे चित्र आधीच फिरवलेलं होतं, श्रावणने फिरवल्याने ते उलटं झालं होतं.

देवाजीने ओळ वाचली, मग श्रावणचा नकाशा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"कंपनीचा पत्ता हाय," तो म्हणाला. "सुंदर काढलं गा. माह्या हातून नसतं झालं."

श्रावणने तांब्यावर नेलपॉलिशने रेघा ओढल्या, पट्टी तेजाबात बुडवली. चार दिवस बोटं पिवळी राहिली.

तालमीच्या खोलीत सगळे जमले. पेटी जोडली, कळ दाबली. नुसती घरघर. श्रावणने वायरी हलवल्या, पुन्हा दाबली.

"पाखरू अंड्यातच हाय वाटते," ढोलकीवाला म्हणाला. सगळे पोट धरून हसले. मनोहररावही.

"विणकराची जात," देवाजी म्हणाला. "जगाकडे उलटीकडूनच पाहाते. जाय बापू, पेटी राहू दे इथंच."

श्रावण वहाणा शोधत जिन्यात वाकला. आत डाग द्यायच्या राळेचा ओळखीचा वास सुटला. उघड्या दारातून दिसलं, देवाजीने तीन ट्रान्झिस्टर काढले, पाय एकमेकांवरून ओलांडून पुन्हा बसवले. पाच मिनिटांचं काम.

आणि पाखरू बोललं. पहाटेच्या शेतात बोलावं तसं, एक लांब शीळ, मग तिच्यावर बारीक दुसरी. जशी श्रावणने मनात ऐकली होती, तशीच.

"वा देवाजी, कमाल केली गा," मनोहररावांचा आवाज आला.

"वीस वर्सं घासली हायेत, मालक."

श्रावण जिन्यातच उभा होता. आपली शीळ संपेपर्यंत त्याने ऐकली. मग एक वहाण पायात, एक हातात, तो खाली उतरला.