पिवळा ठिपका

मिनलची मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली आणि तेवीस दिवस चाकणच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली. सोमवारी दुपारी तिला घरी सोडणार होते. डॉक्टरीणबाईंनी मिनलला दोनदा बजावलं होतं, की या उन्हात नेताना गाडी गार हवी, तापलेल्या गाडीत एवढ्याशा जिवाला बसवायचं नाही. चाकणहून चिखली एरवी पाऊण तास, मोशीला अडकलं तर दीड. आणि पप्पांच्या चौदा वर्षांच्या गाडीचा एसी गेल्या उन्हाळ्यापासून नुसतं गरम वारं फेकत होता.

"भाड्याची गाडी करू या ना," मिनलची धाकटी बहीण दीक्षा म्हणाली.

"माझी नात पहिल्यांदा घरी येनार, ती भाड्याच्या गाडीत?" पप्पांनी तिलाच विचारलं. "एसी मी करतो. सव्वीस वर्षं लीकच शोधलेत मी."

ते खरं होतं. चाकणला रेडिएटरच्या कंपनीत त्यांचं कामच ते होतं. रेडिएटरमध्ये हवा भरायची, तो पाण्याच्या हौदात बुडवायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. नाही आला तर रंगाच्या पेनाने पिवळा ठिपका द्यायचा आणि पुढे सोडायचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीत लीक शोधायचं मशीन आलं, म्हणून त्यांनी नोकरी सोडली. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं.

रविवारी सकाळी नऊला गाडीचं बॉनेट उघडलं. पलीकडच्या गल्लीतले फ्रीजवाले चांदभाई स्कूटरवर सामान घेऊन आले. हवा ओढून घेणारा पंप, दाब दाखवणारं मीटर आणि नायट्रोजनची छोटी टाकी.

"खंडूभाऊ, संध्याकाळी सगळं परत पायजे हां, राव. मे महिना म्हणजे माझी दिवाळी, आणि तुला आत्ताच हौस आली."

"नात येतीय, चांदभाई."

"मग आधी पेढे, नंतर पंप," असं म्हणत चांदभाईंनी पंप खाली ठेवला, दीक्षाला टाकी कशी हळू उघडायची ते दाखवलं आणि निघून गेले.

दीक्षा रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली, तळवड्याला एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. आदल्या रात्री तिने सगळं वाचून काढलं होतं. गाडीतला मूळचा गॅस कधीच उडून गेला होता. भोक सापडल्याशिवाय नवा भरणं म्हणजे तोही हवेत सोडणं. म्हणून आधी नायट्रोजन भरायचा, सांध्यांना साबणाचा फेस लावायचा आणि मीटरवर लक्ष ठेवायचं. तिने दाब दीडशेवर नेला आणि वेळ लिहून ठेवली. दहा मिनिटांनी काटा एकशे तीसवर आला होता.

"लीक हाय," पप्पा खूश होऊन म्हणाले.

ब्रशने फेस लावत ते एकेका सांध्यावर वाकले. पुढच्या जाळीजवळ मोठा फुगा आला. "ह्ये बघ!" नायट्रोजन सोडून त्यांनी सांधा उघडला. आतली रबरी रिंग वाळून तडकली होती. नवी हिरवी रिंग तेल लावून बसवताना त्यांचे हात जराही अडखळले नाहीत. पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरंही त्यांनी चष्म्याशिवाय वाचली. पण मग दहा नंबरचा पाना मागितला.

"तुमच्या डाव्या गुडघ्यापाशीच आहे," दीक्षा म्हणाली.

त्यांनी जमिनीवर हात फिरवला, दोनदा. तिसऱ्यांदा पाना लागला.

पुन्हा दाब भरला. आता प्रत्येक सांध्याला फेस, क्षणभर नजर, आणि खिशातल्या जुन्या पेनाने पिवळा ठिपका. "पास." पुढचा. "पास." कॉम्प्रेसरच्या डाव्या बाजूच्या सांध्यावर वाटाण्याएवढा बुडबुडा हळूहळू फुगत होता. तो दीक्षाला दिसत होता. पप्पांचा चेहरा तिथून वीतभर अंतरावरून गेला. बुडबुडा फुटला, दुसरा यायला लागला. त्यांनी शेजारी ठिपका दिला.

"पास."

तिला वाटलं, गंमत करताहेत. पण ते पुढे सरकले होते.

"पप्पा, जरा या स्क्रूकडे बघा. नजर हलवू नका."

"काय काढलंय आता?"

"बघा ना."

तिने पिवळं पेन त्यांच्या डाव्या कानापासून हळूहळू पुढे आणलं. गालापाशी आलं. नाकाच्या रेषेजवळ आलं. स्क्रू चार बोटांवर राहिला तेव्हा ते म्हणाले, "हां, पेन." उजवीकडून थोडं आधी दिसलं, पण थोडंच. एका मापावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिला कामाची सवय. तिने पुन्हा करून पाहिलं. तेवढंच आलं. 

"त्या सांध्यावर बुडबुडा येतोय, पप्पा. तुम्ही ठिपका दिलाय."

त्यांनी पूर्ण मान वळवून समोरून पाहिलं. आता लगेच दिसला. मग फडक्याने ठिपका पुसायला गेले, पण रंग अर्धवट वाळला होता. तो नुसता पसरला.

"मशीन नंतर आलं," ते म्हणाले. "आधी गिऱ्हाइकाकडनं अकरा गळके पीस परत आले. समद्यावर माझा ठिपका."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दावलं. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय म्हनला. गेलेलं येत न्हाई, हाय ते राखायचं. थेंब घालतो की."

फ्रीजच्या दारात ती बाटली असायची. डोळ्यांची जळजळ होते म्हणून, असं ते सांगत.

"समोरचं समदं दिसतंय मला. पाइपातनं बघितल्यावानी दिसतं, एवढंच."

डाव्या दारावरचा लांबलचक ओरखडा त्यांच्या शेजारीच होता. मंडईत कुणीतरी घासून गेलं, असं ते म्हणाले होते. त्याआधी डावा आरसा तुटला, तोही कुणीतरीच तोडला होता. दोन वर्षं ते मम्मीला या गाडीतून सगळीकडे नेत होते.

"मम्मीला माहीत आहे?"

"तिला कशाला?"

"उद्या तुम्ही चालवायची नाही."

"मी सावकाश चालवतो, दीक्षे."

"डावीकडनं कुणी आलं तर सावकाश चालवून काय होणार?"

"मग काय करू? घरात बसू? कंपनी गेली. आता ही गाडी बी घे."

तेवढ्यात खिडकीतून मम्मीने, कुसुमने, विचारलं, "चहा टाकू का गं?" दोघं एकदमच, नेहमीच्या आवाजात "हो" म्हणाले.

दुसरी रिंग पप्पांनीच बदलली. ती फक्त टॉर्च धरून उभी राहिली. या वेळी अर्ध्या तासाने काटा दीडशेलाच होता. नायट्रोजन सोडून अर्धा तास पंप चालवला, आतली हवा नि ओल ओढून घेतली, पंप बंद करून पुन्हा अर्धा तास काट्याकडे बघत बसले. हलला नाही. मग गॅसचा डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिले होते तेवढेच साडेचारशे ग्रॅम भरले. एसी चालू करून वाऱ्यापुढे धरलेला थर्मामीटर नऊ अंशांवर आला. बाहेर एकेचाळीस होते.

"झालं," पप्पा म्हणाले आणि पेन तिच्यापुढे धरलं. "तू दे."

तिने पहिल्यापासून सगळे सांधे पुन्हा पाहिले, मगच ठिपका दिला.

सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. सवयीने उजव्या दाराशी गेले, किल्लीही हातात होती. मग बॉनेटवर हात टेकवत पलीकडे आले आणि किल्ली दीक्षाला दिली.

"गुडघा दुखतोय," ते मम्मीला म्हणाले. "आज दीक्षा चालवंल."

"आत्ता कुठनं गुडघा काढला?" मम्मी म्हणाली. "आणि ही त्या कंटेनरांमधनं चालवणार?"

लायसन्स काढून दीक्षाला तीन वर्षं झाली होती, पण रविवारी रिकाम्या रस्त्यांवर, शेजारी पप्पा असतानाच ती चालवायची. गुडघ्याचं खोटं तिने तसंच राहू दिलं. आपणही आता यात सामील झालो, हे तिच्या लक्षात आलं.

येताना मागे मम्मी, मिनल आणि मिनलच्या मांडीवर दुपट्यातलं बाळ. गाडी गार होती. मोशीच्या अलीकडे डाव्या बाजूने एक मोटारसायकल उलट्या दिशेने आली आणि सरळ समोर घुसली. दीक्षाने ब्रेक दाबला. मिनल ओरडली. बाळाने मूठ हलवली आणि पुन्हा झोपलं.

पप्पांच्या खिडकीला खेटूनच ती गेली होती. ते समोर बघत होते.

"काय झालं गं?"

"मोटारसायकल."

"डावीकडनं?"

"हो."

मागचे हॉर्न वाजवायला लागले तशी दीक्षाने गाडी पुढे घेतली. नदीचा पूल आला.

"कुसुम," मग ते समोर बघतच म्हणाले, "माझा गुडघा न्हाई दुखत."

"काय म्हणालात?"

दीक्षाने एसीचा पंखा एक घर कमी केला, म्हणजे मागे ऐकू जाईल.