तीन फळ्या

शर्यतीच्या आदल्या दिवशी धक्क्यावर आत्या दिसली, की भलेभले कप्तान आपापल्या बोटीकडे धाव घ्यायचे. आत्याचा मूळ धंदा शिडं शिवण्याचा. पण बोटी तपासून निघायची परवानगी देणंही तिच्याकडेच होतं, आणि त्यात ती सख्ख्या भावालाही सोडत नसे. या वर्षी तर भावाच्या लेकीचीच बोट होती.

आत्याच्या मनातलं आधीच सांगून टाकलेलं बरं. तिला खोट सापडायला हवी होती. भाची पहिल्यांदाच खोल समुद्रात निघाली होती, आणि तीस वर्षांपूर्वीच्या शर्यतीतलं वादळ आत्याच्या डोक्यातून जाता जात नव्हतं.

त्या वादळात भावाची बोट पुरती उलटली आणि पुन्हा सरळ झाली. पण केबिनचं दार म्हणजे एकावर एक सरकवलेल्या तीन सुट्या फळ्या. उलटताना त्या निसटून वाहून गेल्या आणि समुद्र आत शिरला. आता बुडतोय म्हणून चौघे घाईघाईनं रबरी तराफ्यात उतरले. तराफा फाटला. दोघे गेले. दुसऱ्या दिवशी बोट सापडली, आणि ती चक्क तरंगत होती. त्यानंतर भावानं आणि आत्यानं शिवणयंत्रापाशी बसून नियम लिहिले: फळ्या दोरीनं बांधलेल्या हव्यात, कमरेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय डेकवर यायचं नाही, आणि पायाखालून बोट खरोखर जाईपर्यंत ती सोडायची नाही. शर्यतवाल्यांनी कुरकुरत का होईना, ते मान्य केले.

भाचीनं सगळं चोख ठेवलं होतं. आत्यानं पट्ट्यांची शिवण ओढून पाहिली, तराफ्याची तारीख वाचली, एकेका टॉर्चचं बटण दाबलं. भाची गालातल्या गालात हसत मागे फिरत होती. फळ्यांना तर तिनं अशा सुबक गाठी मारल्या होत्या, की आत्यालाही हेवा वाटावा.

"आत जा," आत्या म्हणाली. मग तिनं तिन्ही फळ्या लावल्या, दोरी बाहेरच्या कडीला आवळली आणि केबिनच्या टपावर ऐसपैस बसली. "आता बाहेर ये."

आतून खुडबुड ऐकू आली. मग खळखळून हसणं. आत अडकलेला माणूस बाहेरची गाठ सोडणार कशी, हा विचार पोरीला शिवलाच नव्हता.

पाचला नोंदवही मिटणार होती. वीस मिनिटं उरली होती. आत्यानं नुसतं बसून राहायचं होतं, की पोरगी वर्षभर घरी.

आत्या पुरतं एक मिनिट बसली. आत भाची स्वतःच्याच फजितीवर हसत होती, अगदी तिच्या बापासारखी. आत्याला स्वतःचीच लाज वाटली. ते नियम काही पोरींना घरी बसवायला लिहिले नव्हते.

तिनं फळीवर टकटक केली आणि गाठ दोन्ही बाजूंनी सुटली पाहिजे, असं सांगितलं. मग एप्रनमधून सुई आणि मेणदोरा काढला. एकीनं बाहेरून आणि एकीनं आतून, दोघींनी मिळून दोरी नव्यानं ओवली. पाचला पाच कमी असताना भाची आपली आपण बाहेर आली, केसांत जळमटं घेऊन. आत्यानं सही ठोकली.

तीन दिवसांनी अठराच्या अठरा बोटी परत आल्या. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी वारा पिसाळला होता. भाचीची बोट एकदा आडवी झाली, पण फळ्या जागच्या हलल्या नाहीत. नंबर मात्र सोळावा आला, म्हणून भाची तोंड पाडून धक्क्यावर उतरली.

तिच्या बापानं बोटीची दोरी खुंटाला बांधली. बांधून झाल्यावरही त्यानं ती हातातून सोडली नाही.

"त्या वादळाच्या वर्षी आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो," तो म्हणाला.

मग आत्यानं भाचीला ओल्या कपड्यांसकट मिठी मारली आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, की आमची पोरगी सोळावी आली.