आतला गाल

मित्रांनो, जरा जपून या, पायाला ठेच लागेल. गॅरेजचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेलं हे गोल, गंजकं लोखंड म्हणजे मी. एका गाडीची जुनी ब्रेक डिस्क. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण तुम्ही थांबलाच आहात, तर सांगते.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. वितळलेलं लोखंड ओतलं, निवू दिलं, मग लेथवर माझे दोन्ही गाल गुळगुळीत केले. दोन गालांच्या मध्ये, पोटात, हवा खेळावी म्हणून कप्पे होते. शेवटी एका कामगाराने मला आकड्याला टांगलं आणि हातोडीचा हलका टोला दिला. ठण्ण! कितीतरी वेळ मी घुमत राहिले. "धड आहे," असं म्हणून त्याने पुढचीला टांगलं. मला बोलता येतं ते एवढंच, आणि तेही कुणी टोला दिला तरच.

मला एका छोट्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकात बसवलं आणि माझ्या जोडीदारणीला डाव्यात. गाडी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. घरात तिला सगळे ताई म्हणत. एरवी ती गाडीने दवाखान्यात जाई. पण सुट्टी आली की शर्यतीच्या ट्रॅकवर. तिथे भाडं भरून कुणालाही आपली गाडी मनसोक्त पळवता येते. बक्षीस नाही, नंबर नाही, नुसता वेग. पळवायचं काम इंजिनाचं आणि आवरायचं माझं. लांब सरळ रस्ता संपून एकदम वळण येई. ताई ब्रेक दाबी, पॅड मला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरत, आणि मी निखाऱ्यासारखी लाल होई. वळण पार पडलं की ताई म्हणे, "वा, काय धरलंस!" ते गाडीला होतं की मला, ठाऊक नाही. मी आपलं ते मलाच आहे असं धरून चाले.

पण इतकं तापायचं आणि इतकं निवायचं म्हणजे अंगाला भोवतंच. माझ्या गालांवर केसासारख्या रेषा उमटल्या. नव्या डिस्क घ्यायची वेळ आली.

हे गॅरेज ताईच्या वहिनीचं. हात काळे, जीभ धारदार. ताईने स्वतःच पसंत करून मागवलेलं खोकं तिच्यासमोर उघडलं. आतल्या डिस्क चकचकीत होत्या आणि चाळणीसारखी अंगभर भोकं पाडलेल्या.

"कसल्या देखण्या आहेत ना!" ताई म्हणाली.

"मिरवायला छान. ट्रॅकवर नकोत."

"का? भोकांनी थंड राहतात. पावसात पाणीही निसटतं."

"रोजच्या रस्त्याला ठीक आहे गं. पण तू हिला लालबुंद करणार, लगेच गार करणार, पुन्हा लालबुंद. तडा जायला जागाच शोधत असतो, आणि तू त्याला भोकं पाडून देतेस. काय हो डॉक्टरीणबाई, भोक पडलं की दात मजबूत होतो का?"

ताई हसली, पण तिचा चेहरा उतरला. "मग कुठल्या घेऊ?"

"साध्या. जाड, जड, पोटातले कप्पे मोकळे असलेल्या. दिसायला तव्यासारख्या. पण त्या यायला आठवडा लागेल."

"आणि ट्रॅक उद्या आहे! उद्या दादाला शेजारी बसवायचंय. कधीची मागे लागले तेव्हा आत्ता कुठे हो म्हणालाय. उद्या नाही जमलं तर तो पुन्हा तयार व्हायचा नाही, तुला माहितेय. जुन्यांवर एक दिवस निघणार नाही?"

दादा म्हणजे ताईचा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा. शिडीवर चढायलाही घाबरणारा माणूस.

वहिनीने चाक उतरवलं आणि बॅटरीच्या उजेडात माझ्या बाहेरच्या गालावरून नख फिरवलं. नख कुठल्याच रेषेत अडकलं नाही. जाडीही मापात भरली. "काढेल एक दिवस," ती म्हणाली.

मित्रांनो, माझा आतला गाल कुणी पाहिलाच नाही. तो गाडीच्या पोटाकडे, धूळ अडवणाऱ्या पत्र्याआड असतो. तिथली एक रेष आता रेष राहिली नव्हती. ती माझ्या कडेकडे निघाली होती. मला ओरडावंसं वाटलं. पण मला टोला कोण देणार?

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. सरळ रस्ता, ब्रेक, वळण. पुन्हा सरळ रस्ता, ब्रेक, वळण. दर वेळी पॅड मला धरत आणि तो तडा थोडा पुढे सरके. मी घट्ट राहायचा प्रयत्न केला. लोखंडाने तरी किती घट्ट राहायचं? आता कडेपर्यंत फार थोडं अंतर उरलं होतं.

ताई ट्रॅकलगतच्या शेडमध्ये परतली तेव्हा वहिनी हत्यारांची पेटी घेऊन तिथेच होती आणि दादा हेल्मेट घालून उभाच होता. आता त्याची पाळी.

"हे डोक्यावर अडकून नाही ना बसणार?" त्याने विचारलं.

"अडकलं तर तसाच घरी ये," वहिनी म्हणाली. "निदान घोरणं ऐकू येणार नाही."

ताई हसली नाही. "वहिनी, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतंय."

"तापलीय गाडी. निवली की थांबेल."

"डिस्क काढून दे मला. दोन्ही."

"अगं, ते निवायचं कधी, काढायचं कधी? तोवर ट्रॅक बंद होईल! हा बघ, आयुष्यात पहिल्यांदा तयार होऊन उभा आहे. पोटात गोळा तुझ्या आलाय की त्याच्या?"

"माझ्या. काढ."

वहिनी पुटपुटत कामाला लागली. मी हात लावण्याइतकी निवले, तशी तिने दोघींना उतरवलं. ताईने आधी माझ्या जोडीदारणीला दोरीवर टांगलं आणि पान्याच्या दांड्याने हलकेच टोला दिला. चिरलेला दात ती असाच वाजवून ओळखत असे. ठण्ण! शेडभर आवाज घुमला. शेजारची माणसं वळून बघू लागली.

मग मला टांगलं. किती दिवसांनी कुणीतरी मला बोलायला सांगत होतं.

थड.

फुटक्या मडक्यासारखा आवाज. वहिनीचा हात जागच्या जागी थांबला. तिने मला पालथं केलं आणि आतल्या गालावर नख ठेवलं. नख आत गेलं.

तिने मला हळूच खाली ठेवलं.

"मी आतून बघितलंच नाही," वहिनी म्हणाली.

"घाई मीच केली ना," ताई म्हणाली. "सकाळपासून थरथर जाणवत होती गं. माझ्या एकटीचा जीव होता तोवर चाललं. दादा बसणार म्हटल्यावर हात पुढे होईना."

"तुझ्या एकटीचा?" वहिनीचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला. "तुझा जीव तुझ्या एकटीचा कधी झाला गं? आम्हाला विचारलंस?"

दादाने हेल्मेट काढलं. त्याचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. "मी पुढच्या वेळी येतो," तो म्हणाला. "नक्की येतो. पण आधी दोन्ही बाजूंनी वाजवून घ्या, माझ्यासकट."

गाडी दुसऱ्या गाडीवर लादून घरी आली. भोकांच्या डिस्क परत गेल्या. आठवड्याने तव्यासारख्या साध्या डिस्क आल्या, तेव्हा ताईने त्या आधी पालथ्या करून पाहिल्या आणि एकेक टांगून वाजवली. माझी जोडीदारीण आता या गॅरेजची घंटा झाली आहे; चहा आला की ती वाजते. मी मात्र दारापाशी असते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी रोज झिजत असेल आणि कुरकुर करत नसेल. एखादी वस्तू असेल, एखादं माणूसही असेल. दिसणारी बाजू सगळेच बघतात. तुम्ही कधीतरी दुसरी बाजू बघा, हळूच वाजवून बघा. आवाज बद्द आला तर रागावू नका. फक्त थांबा.

दादा तेवढा मला विसरलेला नाही. ट्रॅकवर जायच्या दिवशी तो हेल्मेट काखेत मारून येतो आणि जाता जाता बुटाचं टोक मला लावतो. थड, मी म्हणते. तो मान हलवतो आणि ताईच्या शेजारी जाऊन बसतो.