वैशाखातली बाळंतीण

तापीकाठच्या त्या गावाला ऊन कसं सोसायचं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. चैत्र सरला की पुरुष कानावरून घट्ट रुमाल गुंडाळायचे आणि खिशात कांदा ठेवायचे. म्हशी दुपारभर डोहात नाकापर्यंत बुडून असायच्या. रांजणाला ओलं गोणपाट, घरोघरी कैरीचं पन्हं. गिरधर पाटलाच्या केळीला तर झळा लागू नयेत म्हणून पश्चिमेला शेवरीची दाट रांग होती आणि दर चौथ्या दिवशी न चुकता पाणी मिळायचं. माणसं, गुरं, झाडं, सगळ्यांची सोय होती. बाळंतिणीची तेवढी नव्हती. तिला थंडावा म्हणजे विष, असं गाव मानायचं, आणि सगळ्यांत जास्त मानायची ती गिरधरची बायको, जसोदाबाई.

तिच्या मानण्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी तिची थोरली लेक वत्सला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणातले दिवस. चौथ्या दिवशी पोरगी म्हणाली, जीव गुदमरतोय. आईचा जीवच तो, विरघळला. तिनं घटकाभर खिडकी उघडली. आठव्या दिवशी वत्सलाची दातखीळ बसली, अंग ताठ झालं, आणि दोन दिवसांत ती गेली. मागोमाग तिचं मूलही गेलं. बाळंतपण करणारी दगूबाई म्हणाली, वारा लागला. नाळ कापायचा विळा दगूबाईनं कुठल्या कोपऱ्यातून उचलला होता ते कुणी विचारलं नाही. उघडी खिडकी मात्र सगळ्यांनी पाहिली होती.

म्हणून एकसष्ट साली, ऐन वैशाखात, धाकटी मीना म्हसावदहून बाळंतपणाला आली तेव्हा जसोदाबाईनं कंबर कसली. मागच्या खोलीची खिडकी तिनं शेणमातीनं लिंपून टाकली. दारावर गोधडी टांगली. खोलीवर गेल्याच वर्षी नवे पत्रे टाकले होते आणि घरात त्या पत्र्यांचं मोठं कौतुक होतं. एका पहाटे मीनाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. जसोदाबाईनं लेकीचे कान बांधले, अंगावर गोधडी घातली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली आणि देवापुढं दिवा लावला. या खेपेला चूक होणार नव्हती.

पहिले दोन दिवस मीनानं मुकाट्यानं काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी पत्रे असे तापले की खोलीत पाऊल टाकताच जसोदाबाईच्याच कपाळावरून धार लागली. मीनाचे ओठ फुटले होते. मूल तिच्या कुशीत किरकिरत होतं.

"माय, जीव घाबरी ऱ्हायना व. दार उघड ना जरासं."

"सव्वा महिना सोसनं पडस, बेटा. आम्ही बी सोसं."

"मंग पाणी तरी दे. रांजणनं दे, एक पेला."

"कच्चं पाणी बाळंतीणले चालस नही," जसोदाबाई म्हणाली, आणि ओवा घालून उकळलेलं कोमट पाणी तिनं अर्धी वाटी पाजलं. दगूबाईनं दिवसाला तेवढ्याच चार वाट्या सांगितल्या होत्या. जास्त पाण्यानं पोट सुटतं म्हणे.

मीनानं वाटी चाटूनपुसून परत दिली. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बापनी केळीले पाणी दिधं का आज?"

"दिधं."

"मंग मले बी दे ना व माय. केळ समजीसन दे."

जसोदाबाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ती वाटी घेऊन बाहेर आली. रांजणापाशी ती थांबली होती, हे खोटं नाही. गोणपाटावर तिनं हात ठेवला. हाताला तो गारवा लागला आणि तिला वत्सलाची दातखीळ आठवली. ती तशीच मागं फिरली. माया पातळ होती म्हणून नव्हे हो, माया होती म्हणूनच.

चौथ्या दिवशी गिरधर मळ्यातून आला तो मागच्या दारापाशी घुटमळला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं डोकावायचं नसतं. आतून मीना हाका मारत होती.

"दार तरी उघड," तो बायकोला म्हणाला. "आपल्याले त्यामधलं काही समजस नही, पन ती हाका मारी ऱ्हायनी."

"वत्सलानी बी आश्याच हाका मार्‍यात. मी उघाडं व्हतं तव्हय. काय व्हयनं ते देखं ना?"

गिरधरनं रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला आणि तो मळ्याकडे गेला. केळीच्या एका कोपऱ्यात पाणी पोचलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मीनाचं मागणं थांबलं. सकाळपासून तिचा घामही थांबला. जसोदाबाईनं तिच्या गळ्याखाली हात घालून पाहिला तर अंग कोरडं ठणठणीत, आणि तिला हायसं वाटलं. घामेजल्या अंगालाच वारा धरतो, अंग कोरडं झालं म्हणजे भीती टळली, असा तिचा हिशेब. शेजारच्या रमिलाबाईला तिनं तो आनंदानं सांगितलासुद्धा. देवानं माणसाला एवढी अक्कल दिली आणि ती नेमकी उलट्या बाजूला लावायची बुद्धीही दिली, याला काय म्हणावं?

दुपारी मीना बरळू लागली. नदीवर जायचंय म्हणाली, घागर कुठं आहे म्हणाली. अंग तव्यासारखं तापलेलं. दगूबाईला बोलावलं. तिनं कपाळाला हात लावला.

"ताप भरना. आखो एक गोधडी टाक. घाम उना का उतरी जाई."

जसोदाबाईनं दुसरी गोधडी टाकली. शेगडीत गोवऱ्या वाढवल्या. घाम आला नाही. दिवस कलायच्या आधी मीनाचे डोळे फिरले आणि हातपाय झटके देऊ लागले. तेव्हा मात्र गिरधर आत शिरला, कुणाचं न ऐकता. चिंचपाड्याला मिशनचा दवाखाना होता, पण ती वाट बैलगाडीनं रात्रभराची. तरी त्यानं गाडी जुंपली आणि लेकीला उचलून बाहेर आणलं. बाहेर झळा चालू होत्या, अंग भाजणाऱ्या. त्यासुद्धा मीनाला गार लागल्या असाव्यात. तिनं तोंड उघडलं आणि वाऱ्याकडे फिरवलं. आणि जसोदाबाई गाडीबरोबर धावत होती, तिचे कान पदरानं झाकायला.

गावाची वेस ओलांडायच्या आत गिरधरनं बैल थांबवले. मीना गेली होती.

अंगणात तिला आंघोळ घालायला बायका जमल्या. विहिरीवरून घागरी आल्या. कुणी डोक्यावरून ओतली, कुणी पायांवर. घागरीवर घागर. कच्चं, गार पाणी, हवं तेवढं. पाण्याचा ओहोळ अंगणातून वाहत गोठ्यापर्यंत गेला. मग गिरधरनं तिच्या तोंडात तुळशीचं पान आणि पळीभर पाणी घातलं. ते पाणी ओठांच्या कडेनं बाहेर आलं आणि हनुवटीवरून ओघळलं. जसोदाबाईनं ते पाहिलं. काय झालं ते तिला तेव्हा कळलं, सगळं एकदम कळलं. तिला रडू आलं नाही.

"ती पाणी मांगी ऱ्हायनी व्हती," ती बायकांना म्हणाली. "मी दिधं नही."

"तू बरोबरच करं, जसोदा," रमिलाबाईनं तिला जवळ घेतलं. "तू कशामाच कमी पडनी नही."

दहा दिवस ती हेच सांगत राहिली. जावयाला सांगितलं, दगूबाईला सांगितलं, सुतकाला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं. कुणीतरी आपल्याला बोल लावावा, थोबाडीत द्यावी, असं तिला फार वाटायचं. पण जो तो तिचीच समजूत घालायचा. गाव तिच्यावर रागावलं असतं तर तिला जगायला काहीतरी आधार मिळाला असता. गिरधर तेवढा केळीतच बसून असायचा. नात जगली. जसोदाबाई तिला रांजणाशेजारी ओल्या फडक्यावर निजवायची, आणि बायका एकमेकींना खुणा करायच्या, की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

ज्येष्ठ लागला तरी आभाळात ढग नव्हता. त्यातच रमिलाबाईची सून बाळंत झाली. चौथ्या दिवशी दुपारी जसोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी गेली. रमिलाबाईनं तिला ओट्यावरच अडवलं. बाळंतपणात जिची लेक गेली त्या बाईची सावली बाळंतिणीवर पडू देत नाहीत.

"आठेच थांब, जसोदा. राग मानू नको."

"मी आत येस नही. तू तिले हाई पाणी दे. दार उघडं ठेव."

"तू मीनाले दिधं व्हतं का?"

"नही."

"मंग? गावमा तुन्हासारखी खोली कोनी राखी नही. मी तुन्हापाईनच शिकेल शे."

"त्यानीच मरी गयी व मन्ही मीना."

"मीना तापमा गयी. तिन्हं नशीब," रमिलाबाई मायेनं म्हणाली, आणि तांब्या तिच्या हातात तसाच ठेवून आत गेली.

जसोदाबाई ओट्यावर बसली. आतून पोरीचा आवाज येत होता. पाणी मागत होती. रमिलाबाई तिला समजावत होती, गोड बोलून, बाळा-बेटा करून. जसोदाबाई बाहेरून हाका मारत राहिली. घसा कोरडा पडला तरी हातातलं पाणी ती प्यायली नाही. तिला कुणी हाकललं नाही. ऊन तिच्या पाठीमागं कललं आणि तिची सावली लांबत उंबऱ्यापर्यंत आली, तेव्हा रमिलाबाईच्या नवऱ्यानं येऊन तिला चार हात लांब बसायला सांगितलं.