आजीच्या मयताचा निरोप

१९८८ साली झोम्बा शहरात आम्ही छळातून सुटलेल्या बायका-मुलींसाठी घर चालवत होतो. तादाला नावाची तेरा वर्षांची पोर म्हाताऱ्याशी लग्न ठरलं म्हणून आमच्याकडे पळून आली होती. एके सकाळी तिचा मामा आला. "आजी गेली. पोरीला मातीला पाठवा."

"मावशी, खोटं असेल तर?" तादालानं विचारलं.

"अगं, मयताचं कुणी खोटं सांगतं का?" मी रागावले. मातीला जाणाऱ्याला आमच्याकडे कुणी अडवत नाही. मीच तिच्या डोक्याला काळं फडकं बांधलं.

आजी अंगणात मका सोलत बसली होती, हे नंतर कळलं. तादालाचं लग्न त्याच दिवशी लावलं.

पहिल्या बाळंतपणात ती गेली. मामा म्हातारा होऊन मेला. आजी त्याच्याही मागे राहिली. तादालाच्या मातीचा निरोप मात्र मला कुणी धाडला नाही.