मंगळवारी पाच ते सहा

मी बोलतोय, पण आवाज माझा नाही. आवाज नववीतल्या एका मुलीचा आहे. मी मुठीत मावणारा, कडा खरवडलेला रेकॉर्डर. मला डोळे नाहीत. जे सांगतोय ते सगळं कानांवर पडलेलं.

आधी मी तिच्या मामाकडे होतो. मामा बातमीदार. त्याच्या खिशातून मी पुष्कळ माणसं ऐकली आणि एक गोष्ट शिकलो: खोटं सांगायच्या आधी माणूस घसा खाकरतो. पुढे मामाने नवा फोन घेतला आणि मी भाचीच्या खणात, तुटक्या पेन्सिलींच्या सोबतीला जाऊन पडलो.

तिच्या शाळेत मुलांना घडवणारा एक पुरस्कार होता. एक कौशल्य, एक खेळ, एक सेवा. प्रत्येकाला आठवड्याचा एक तास, तीन महिने, आणि दर तासाची नोंदवहीत सही. वही भरली की जंगलातली दोन दिवसांची पायी मोहीम, मग पदक. पदकाचं तिला फारसं कौतुक नव्हतं. तिला ती मोहीम हवी होती, कारण घरचे तिला कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटं सोडत नसत.

सेवा म्हणून तिने शेजारच्या इमारतीतल्या आजींना पुस्तक वाचून दाखवायचं घेतलं. आजींची दृष्टी गेलेली, सून दिवसभर कामावर. मंगळवारी पाच ते सहा. आजींना विचारून सून रविवारी सही करायची. चार मंगळवार नीट गेले. मग खेळ म्हणून घेतलेल्या बॅडमिंटनच्या सरांनी सरावाची वेळ बदलली, तीही नेमकी मंगळवारी पाचची.

तिने मला खणातून काढलं. दोन रविवार दार लावून, घसा बसेपर्यंत वाचलं. आठ मंगळवारांचे आठ भाग. प्रत्येकाच्या आधी ती खाकरली. प्रत्येकाच्या शेवटी खुर्ची मागे सरकवली, "येते हं आजी, पुढच्या मंगळवारी," म्हणाली आणि दार लोटलं. तेही माझ्यात भरलं गेलं.

आजींच्या औषधांच्या डब्यामागे तिने मला ठेवून दिलं; दर मंगळवारी ती माझं बटण दाबायची आणि चपला न वाजवता निघून जायची.

आजी विचारत राहायच्या. पाणी हवं का, पंखा वाढवू का. ग्लास सरकल्याचा आवाज यायचा, मी आपला वाचत असायचो. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "दमलीस का गं?" आणि नेमकी तेव्हाच गोष्टीतली बाई म्हणाली, "नाही, आता सवय झाली."

आजी खुदकन हसल्या. त्यांच्या बांगड्या रिकाम्या खुर्चीकडे गेल्या आणि तिथेच हळूहळू किणकिणत राहिल्या. "केस वाढलेत तुझे," त्या म्हणाल्या.

खुर्ची करकरली. लाकूड आहे, सुकलं की वाजतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण नंतर ती दर मंगळवारी वाजली. पाचला कुणी बसल्यासारखी, सहाला उठल्यासारखी.

पुरस्काराचं काम बघणाऱ्या बाईंनी वह्या तपासल्या, तेव्हा एकाच मुलीच्या एकाच तासाला दोन सह्या सापडल्या. एक खेळाची, एक सेवेची. आठव्या मंगळवारी त्या तिला घेऊन आजींकडे यायला निघाल्या.

इकडे पाच वाजले, बटण दाबायला कुणी आलं नव्हतं. तेवढ्यात आजींचं बोट डब्याला वळसा घालून आलं, थेट माझ्या बटणावर. शोधावं लागलं नाही.

पावणेसहाला दार ढकललं गेलं. मी वाचत होतो.

"हळू," आजी म्हणाल्या. "वाचन चाललंय."

"आजी, मी आलेय."

"तू कोण गं? केवढी धापा टाकतेयस. हिला कधी धाप लागत नाही."

बाईंनी शांतपणे विचारलं, मग सुनेकडून इतक्या सह्या करवल्या त्या कुणासाठी. आजी म्हणाल्या, जी इथे बसते तिच्यासाठी. एक मंगळवार चुकली नाही हो पोर.

मला कुणी बंद केलं नाही. सहाला मुलीचाच आवाज मुलीसमोर म्हणाला, "येते हं आजी, पुढच्या मंगळवारी." दार लोटल्याचा आवाज झाला. खरं दार उघडंच होतं.

"गेली," आजी म्हणाल्या.

मग मुलगी बोलली, न खाकरता. "बाई, सात मंगळवार मी इथे नव्हते. आजचा आठवा."

कागदावर पेन ओढल्याचं मी ऐकलं, सात वेळा. त्या वर्षीची मोहीम तिच्याशिवाय निघाली.

सेल तिने त्याच दिवशी काढून टाकले. मी अजून डब्यामागेच आहे. सेल नसताना हे सगळं मला कसं ऐकू येतं, ते विचारू नका. आता तिचा सराव चारला असतो. तिथून ती थेट इथे येते, धापा टाकत, पाच-सात मिनिटं उशिरा. आजी तिला स्टुलावर बसवतात. खुर्चीत का नाही, हे तिने अजून विचारलेलं नाही.

ती पोचायच्या आधी पाचचा ठोका पडतो. दार वाजत नाही, चप्पल वाजत नाही. आजी म्हणतात, "ये, बस." खुर्ची करकरते. आणि कुणीतरी हलकेच घसा खाकरतं.

पोरी, पाचच्या आधी येत जा.