सुई सांगितली होती

रुख्माचा डावा कान एका रात्रीत गेला. सकाळी उठली ती डोकं झटकत, नदीवर डुबकी मारताना कानात पाणी शिरावं तशी.

"कानात झिंगूर बसला जी, किर्र किर्र करून राहिला," ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, उदारामने, तेल कोमट करायला घेतलं. पण डाव्या बाजूने तो काय बोलतो ते तिला ऐकू येतच नव्हतं. ते कळल्यावर त्याने वाटी खाली ठेवली आणि तिला घेऊन देवरीचा दवाखाना गाठला.

शिमगा जवळ आला होता. त्याच सुमाराला मोह गळायला लागतो, आणि त्या जंगलपट्टीत मोहफुलं वेचायचं काम हातांइतकंच कानांचं असतं. पहाटे माणसं झाडाखाली वाकलेली, नजर जमिनीला. मोहासाठी अस्वलही येतं. म्हणून या झाडाखालून त्या झाडाखाली हाका चालू ठेवतात. कुठे पाचोळा वाजला की जवळचा माणूस ओरडतो, आणि बाकीचे त्याच्या हाकेकडे सरकतात. हाक कुठून आली हे ज्याला कळत नाही, त्याने जंगलात पाय ठेवू नये. रुख्मा लग्न होऊन आली तेव्हापासून एकही मोसम घरी बसली नव्हती.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण आणि घाईत होता. त्याने एक लोखंडी चिमटा वाजवून तिच्या कपाळावर टेकवला, मग कानामागे.

"मळ नाही. आतल्या नसेचं दुखणं दिसतंय. गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे जा, आजच. सुई घ्यावी लागेल. उशीर झाला तर कान परत येत नाही."

त्या दिवशीची गोंदियाची गाडी निघून गेली होती. दोघं घरी परतले. संध्याकाळी शेजारचा शालीकराम ओसरीवर येऊन बसला.

"गोंदियाले कायले जाता?" तो म्हणाला. "सुईच पायजे ना? सडक अर्जुनीले बाजाराच्या दिशी सुईवाला डॉक्टर बसते. एका सुईच्या जागी दहा टोचते. माह्या सासूचे गुडघे त्यानंच चालवले."

"म्हणूनच ते आता उठसूट तुमच्या घरी येऊन राहिली," रुख्मा म्हणाली.

शालीकराम हसला. उदारामही हसला. डॉक्टरने सुई सांगितली होती, आणि सुई जवळच मिळत होती. बाजार उद्याच होता.

सुईवाला हायवेच्या ढाब्यामागे एका खोलीत बसायचा. म्हातारा, बोलणं अर्धं हिंदी. त्याने केसासारख्या बारीक सुया काढल्या आणि रुख्माच्या कानाभोवती, हातावर, पायावर टोचल्या. बाहेर ट्रक गेला की सुयांची टोकं थरथरत.

"यात दवा कुठं हाय?" उदारामने विचारलं.

"दवा नहीं भाऊ. सुईच काम करते."

रुख्माने डोळे मिटले होते. उठली तेव्हा चेहरा निवांत होता. "झिंगूर दूर गेला जी," ती म्हणाली. त्या रात्री ती शांत झोपली, आणि उदारामला वाटलं, जमलं.

दर बाजाराला ते जात राहिले. शिमगा झाला. मग एकदा सुया टोचता टोचता म्हाताऱ्याने सहज विचारलं, "दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"कोणत्या गोळ्या?" उदाराम म्हणाला. "देवरीच्या डॉक्टरनं सुईच सांगतली होती."

म्हाताऱ्याचा हात जागीच थांबला.

"कौनसी सुई?"

"हेच ना."

म्हाताऱ्याने एकेक सुई काढली. "उसने इंजेक्शन बोला था, भाऊ. दवावाली सुई. मेरी सुई उसके साथ चलती है, उसके बदले नहीं. मीही पहिल्या दिवशीच विचारायला पाहिजे होतं." त्याने पैसे घेतले नाहीत. त्या नकाराची उदारामला फार भीती वाटली.

गोंदियाच्या डॉक्टरने रुख्माला बंद खोलीत बसवून मशीनवर कान तपासला. मग कानाच्या पडद्यातून आत औषधाची सुई दिली. "आधी यायला हवं होतं," तो म्हणाला. "बघू." पुन्हा बोलावलं, पुन्हा दिली. नंतर मात्र त्याने बघू म्हणायचंही सोडलं.

परतीच्या गाडीत रुख्मा म्हणाली, "मले ऐकू येऊन राहिलं."

घरी ती अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. उदाराम तिच्या डाव्या बाजूला, मागे जाऊन उभा राहिला. "रुख्मे."

"काय जी?" ती म्हणाली, आणि उजवीकडे वळली. तिकडे कुणी नव्हतं. तिने घाईने इकडे तिकडे पाहिलं. तो सापडल्यावर हसली.

"तू मोहाले येऊ नको," तो म्हणाला.

"काऊन? झाडाखाली सडा पडून राहिला. घरी बसून माशा मारू?"

"हाक कुठून आली ते तुले समजत नाही."

"एका कानानं समजते. नाही समजलं तं तुमी आहा ना."

दुसऱ्या पहाटे ती त्याच्या आधी टोपली घेऊन निघाली.

झाडाखाली फुलांचा वास दाटला होता. उदारामने मधलं झाड धरलं. रुख्मा त्याच्या उजवीकडे, नाल्याच्या अंगाला. तिचा डावा कान त्याच्याकडे होता. थोडा वेळ हाका चालल्या. ती प्रत्येक हाकेला ओ देत होती, फक्त जरा उशिरा.

मग नाल्याच्या बाजूला पाचोळा वाजला. पाऊल जड होतं, अस्वलाचं, आणि सावकाश येत होतं.

"रुख्मे, इकडे ये," उदाराम ओरडला.

तिने मान वर केली. टोपली कंबरेवर घेतली. "येऊन राहिली जी," म्हणाली आणि नाल्याकडे चालायला लागली.

तो पुन्हा ओरडला, जास्त जोरात. तिने पावलं उचलली, त्याच दिशेने. तो जितका ओरडेल तितकी ती लवकर तिथे पोचणार होती.

उदारामने तोंड मिटलं आणि धावत सुटला. काट्यांतून, दगडांतून, तोंडातून आवाज न काढता. आता मागच्या झाडांखालचे लोक हाका मारायला लागले. रुख्मा त्यांनाही ओ देत होती.

तो पोचण्याआधी तिच्यासमोरची झुडपं हलली.